वरवट बकालचे माळकरी मुडदे

सुधाकरला लोकांना भिववायचं होतं. इच्छा साधीच, पण खामगावात ती बोलून दाखवायची सोय नव्हती. महाराष्ट्र नुकताच झालेला. नव्या राज्यात ज्याला त्याला धरणं, कारखाने, साखर असलं काहीतरी काढायचं होतं. सुधाकरला मुडदे काढायचे होते. मुंबईच्या मामाने आपला जुना चावीचा कॅमेरा आणि पडद्यावर चित्र पाडायचं मशीन त्याच्या गळ्यात मारलं, तेव्हापासून हे सुरू झालं.

त्याचे वडील वामनराव कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क. मुलासाठी त्यांनी तिथे कारकुनाची खुर्ची धरून ठेवली होती. धरून म्हणजे अगदी धरून. कोणी बसू नये म्हणून तिच्यावर रोज स्वतःचा डबा ठेवत. शेवटी बापलेकांत करार झाला.

"काढ एक पिच्चर," वामनराव म्हणाले. "तो पाहून एक मानूस जरी खरोखर भ्याला, तर खुर्ची दुसऱ्याले देऊन टाकतो. आन् सारेच हासले, तर सोमवारपासून जिनिंग."

"लहान पोरगं चालते काय?"

"मोठा मानूस. मिशीवाला."

सुधाकरची गोष्ट पक्की होती. गावातला एक बडा माणूस मरतो. दहाव्याला त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. इच्छा राहिली म्हणून तो उठतो, आणि त्याचं पाहून गावातले झाडून सगळे मुडदे उठतात आणि जिवंत माणसं खात सुटतात.

गाव मिळालं वरवट बकाल. तिथले मोठे जमीनदार भगवानराव वामनरावांच्या ओळखीचे. त्यांनी बैलगाड्या दिल्या, माणसं दिली, एकच अट घातली: मुडद्यांमध्ये मुख्य मुडदा तेच. पारावर सगळ्यांना गोळा करून सुधाकरने गोष्ट समजावली, तेव्हा भगवानरावांचा धाकटा मुलगा कडूबा म्हणाला, "काऊन बे, आपल्यात तं जाळतात. जाळलेला मुडदा उठन कसा?"

सुधाकरने याचा विचारच केला नव्हता. "लाकडं ओली होती, असं समजा."

"हाव," दोन-तीन म्हातारे लगेच पटून म्हणाले, "यंदा लाकडं वलीच आली."

खरी अडचण पुढे होती. निम्मं गाव माळकरी निघालं.

"मानसं खायाची म्हंतोस," भगवानराव गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावत म्हणाले. "आमी कांदा खात नाई."

"पण तुम्ही मेलेले आहात."

"मेल्यावर माळ तुटते काय?"

सकाळभर वाद झाला. मुडद्यांनी माणूस चावायला काय हरकत आहे, फक्त गिळू नये, असं सुधाकरने सुचवून पाहिलं. जमलं नाही. अखेर तोड निघाली, आणि वरवट बकालचे मुडदे स्मशानातून उठून घरोघर पिठलं-भाकर मागत फिरले. वाढणाऱ्या बाया घाबरल्याचं दाखवायचं सोडून "अजून घ्या ना" असा आग्रह करत होत्या.

तोंडाला ज्वारीचं पीठ आणि डोळ्यांखाली चुलीचं काजळ फासून मुडद्यांची रांग लागली, तर पुढे कोण आणि मागे कोण यावरून रुसवेफुगवे झाले. लग्नात असतो तोच मान मेल्यावरही पाहिजे होता. भगवानरावांच्या थोरल्या मुलाची, तुळशीरामची बायको शारदा ही सासऱ्याच्या मागे चालणारी मुडदी. तिने हनुवटीपर्यंत पदर ओढून घेतला.

"वहिनी, तोंड दिसत नाही."

"मामंजी समोर हायेत ना."

"मग निदान कुंकू तरी पुसा. तुम्ही मेलेल्या आहात."

"मी पिच्चरमंदी मेली," शारदा पदराआडून म्हणाली. "कुंकू खरं हाये."

मारुतीच्या देवळावरून जाताना सगळ्या मुडद्यांनी चपला काढून नमस्कार केला. तेही कॅमेऱ्यात आलं, कारण चावी भरलेली होती आणि थांबवावं हे सुधाकरला सुचलं नाही.

राहिला पिंडाचा प्रसंग. विहिरीजवळ निंबाखाली पानावर भाताचा पिंड मांडला. मागे भगवानरावांची खरीच मुलं, तुळशीराम आणि कडूबा, उघड्या अंगाने बसवली. आता एवढंच व्हायला हवं होतं की कावळ्याने येऊ नये. ज्या कावळ्यांची हातापाया पडून वाट पाहण्यात या गावातल्या लोकांचे अर्धे अर्धे दिवस गेले होते, ते त्या दिवशी निंबावर तयारच बसले होते. पिंड खाली ठेवला की भात गायब. दुसरा ठेवला, तोही गेला.

भगवानराव पीठ लावलेल्या तोंडाने हे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माही कायीच इच्छा राह्यली नाई?"

"कशी राहीन?" त्यांची बायको गोजरबाई परातीत भात कालवत म्हणाली. "आपल्या इच्छेपुढं तुमी कोनाले कायी उरू देलं हाये काय आजवर?"

शेवटी भगवानरावांसकट सगळे मुडदे गोफणी घेऊन कावळ्यांच्या मागे शेतात धावले. सुधाकरही धावला. कॅमेरा तिवईवर राहिला, त्याचं बटन अडकलेलं, आणि चावी संपेपर्यंत तो एकटाच चालत राहिला.

फिती धुवायला मुंबईला गेल्या आणि महिन्याभराने पोस्टाने परत आल्या. सुधाकरने त्या न बघता, न कापता एकामागे एक चिकटवल्या. कापायचं कसं हे मामाने सांगितलं नव्हतं.

वरवट बकालात वीज आली होती ती भगवानरावांच्या विहिरीवरच्या मोटरीपुरती. म्हणून खेळ विहिरीवरच ठेवला. दोन निंबांमध्ये धोतर ताणलं. दिवेलागणीला अख्खं गाव येऊन बसलं. वामनराव खामगावाहून मुद्दाम आले आणि खुर्ची उलटी फिरवून पडद्याकडे पाठ करून बसले. त्यांना पिच्चर बघायचा नव्हता. भ्यालेला माणूस बघायचा होता.

पहिला मुडदा उठला, आणि गाव हसलं. पिठल्याला तर लोक लोळले. "थो पाहा, थो पाहा, मेला तरी मेलेल्याच्या पुढं घुसून राह्यला!" पदराखालचा चालता डोंगर आला तेव्हा शारदाही हसली. मारुतीच्या नमस्काराला मागच्या म्हाताऱ्यांनी बसल्या जागी हात जोडले आणि मग हसले. वामनराव एकेक चेहरा तपासत होते, आणि प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यागणिक त्यांच्या मनासारखं होत होतं. सुधाकर मशीनमागे उभा राहून हे बघत होता. त्याला आतापासूनच जिनिंगमधल्या कापसाचा वास येऊ लागला.

मग निंब आला, पिंड आला, कावळा आला. सगळे पळाले. पडद्यावर नुसते दोन भाऊ उरले.

मग तुळशीरामने काडी उचलली आणि मातीत एक रेघ ओढली. कडूबाने ती पायाने पुसली आणि जरा पलीकडे दुसरी ओढली. तुळशीरामने एक खडा उचलून रेघेच्या अलीकडे ठेवला. आवाज नव्हता, पण ती रेघ म्हणजे वाटणीचा बांध आणि तो खडा म्हणजे विहीर हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं. सगळे त्याच विहिरीवर बसले होते. कडूबाने खडा आपल्याकडे घेतला. तुळशीरामने परत ओढला. एवढ्यात तोंडाला पीठ, कपाळाला कुंकू अशी शारदा आली, इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरून वाकली, खडा नवऱ्याच्या बाजूला पक्का रोवला आणि निघून गेली.

हसणं बंद पडलं. मशीनची तेवढी घरघर राहिली.

"बाबा, थे ॲक्टिंग होती," तुळशीराम अंधारातून म्हणाला.

भगवानरावांच्या तोंडातलं पान तसंच होतं, आणि तोंड उघडं. झुपकेदार मिशी थरथरत होती. "बंद करा बे थे!" ते ओरडले, पण ओरडताना त्यांचा आवाज पोरासारखा चिरकला.

वामनरावांनी त्यांच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. माणूस मोठा होता. मिशी होती. ते मशीनपाशी आले आणि अपमान गिळावा तसं म्हणाले, "भ्याला."

सुधाकर जिंकला. पण त्याचा आनंद जेमतेम दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला. झुंजूमुंजू झालं तोच रात्रीतच बातमी पोचलेले आसपासच्या गावांतले म्हातारे त्याच्या मुक्कामाच्या दारात उभे. प्रत्येकाला आपापला दहावा काढून हवा होता. पिंड मांडायचा, पोरं बसवायची आणि कॅमेरा चालू ठेवून सगळ्यांनी कावळ्यांमागे पळून जायचं.

"आणि मागून मुडदे उठवू ना?" सुधाकरने आशेने विचारलं.

"नोको," रंगराव नावाचा एक म्हातारा म्हणाला. "मुडद्यायचं काय भेव?"

त्या हंगामात सुधाकरने पुष्कळ लोकांना जिवंतपणी मारलं. धंदा झकास चालला. त्याच्या पिच्चरांमुळे तालुक्यात इतकी माणसं रडली, भ्याली आणि वेगळी निघाली की एरवी त्याला धन्य वाटलं असतं. पण पिठल्याची वाटी घेऊन दारात उभा राहिलेला मुडदा त्याला झोपेतसुद्धा आठवे.

आणि एका रविवारी वामनराव म्हणाले, "माहाबी काढ."

"पण तुमचा मुलगा मीच. मी समोर बसलो तर कॅमेरा कोण धरणार?"

"मी."

मेलेला माणूस स्वतः कॅमेरा डोळ्याला लावून परसात उभा राहिला. सुधाकर उघड्या अंगाने पिंडाजवळ बसला. कावळा आला, भिंतीवर टेकला आणि तिथेच बसून राहिला. चावी घरघरत होती.

"बोल ना बे," वामनराव कॅमेऱ्याआडून म्हणाले. "कायी कबूल कर, तवा तं शिवन थो."

सुधाकरने कावळ्याला हात जोडले. "उद्यापासून जिनिंगमध्ये येतो."

कावळ्याने चोच भिंतीला घासली.

"तुम्ही म्हणाल त्या मुलीशी लग्न करतो."

कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली.

"बरं, सगळंच ऐकतो. जन्मभर."

कावळा हललाही नाही. चावी संपली. वामनरावांनी डोळा बाजूला घेतला, कावळ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"अबे," ते हळूच म्हणाले, "मंग मले पाह्यजे तरी काय होतं?"

सुधाकर उठला. त्याने त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, चावी भरली आणि वडिलांच्या तोंडावर रोखला.

"सांगा," तो म्हणाला.