महाराजांच्या अळ्या आणि माझ्या

"ऐका, ऐका! मंत्र कसा खात्यात बघा!"

महाराजांचा चेला ओरडला आणि आमच्या रेशमाच्या शेडमध्ये दाटलेल्या निम्म्या गावानं कान टवकारले. भगव्या पडद्यामागच्या रॅकवर करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र अळ्या कराकरा तुतीचा पाला खात होत्या. समोरच्या रॅकवर माझ्या अळ्या. एकाच दिवशी आणलेल्या, पण सुतळीसारख्या सुकलेल्या. बायांनी हात जोडले.

निकाल आज लागणार होता. मागच्या बॅचचे कोष पोचट निघाले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, या महाराजांना घरी आणलं. त्र्यंबकच्या डोंगरात म्हणे बारा वर्षं तप केलेलं. केलं असेल बाई, डोंगर काही साक्षीला येत नाही! त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "सुनेच्या हाताला बाधा हाय. तिच्या हातचा पाला किड्याच्या अंगी लागत नाय." मग ही परीक्षा. एक रॅक मंतरलेल्या पाल्यावर, एक माझ्या हातच्या. माझ्या अळ्या खंगल्या तर मी माहेरी जायचं, आणि पाच वर्षांची माझी लेक राखी इथंच ठेवायची.

नवरा अंबडला कंपनीत. फोनवर म्हणाला, "संजना, थोडं सहन कर ना. नाना ऐकायचे नाहीत." सहन कर! घरातून शेडमध्ये, शेडमधून घरात. मळ्यात जायची मला बंदी, का तर माझी सावली तुतीवर पडेल. पाला तोडणार चेला, माझी पाटी भरणार चेला, मी नुसता घालायचा. शेडच्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. महाराजांचा भारा तो विहिरीजवळच्या तुतीचा कापायचा आणि कापडाखाली झाकून आणायचा. माझी पाटी मात्र बांधाकडच्या, पाण्यावाचून पिवळ्या पडलेल्या झाडांची. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "महाराजांवर आळ घेती? जीभ झडंल!"

झडली नाही. म्हणून आज चालवली.

"महाराज, माझ्या पाटीतला पाला मंतरून तुमच्या अळ्यांना घाला. ताकद मंत्राचीच आहे ना?"

"बाई, मंत्र असा कुठंबी चालत नसतो! त्याला मुहूर्त लागतो, स्थान लागतं, दिशा लागती..."

"आणि पाणी?"

मी चेल्याच्या भाऱ्यावरचं कापड ओढलं. आत लुसलुशीत हिरवा पाला. शेजारी माझी पाटी पालथी केली. शेजारची भागीबाई पुढे आली, दोन्हीकडची पानं चोळून पाहिली. "अगं बया! हे पिवळं तर शेळीबी तोंडात धरणार नाय."

हिरव्या फांद्या मी माझ्या अळ्यांवर टाकल्या, त्या बाधा झालेल्या हातानंच. उपाशी जीव ते, भराभरा वर चढले. थोड्या वेळात माझ्या रॅकवरूनही तसाच आवाज यायला लागला. महाराजांच्या अळ्यांना पिवळा पाला घातला, तर त्या तोंड न लावता माना हलवत फिरत राहिल्या.

"या अळीला तुतीशिवाय दुसरं अन्न नाही," मी म्हणाले. "पानात जे असेल त्यावरच ती वाढते, त्यातूनच रेशीम करते. कडक पानात ना पाणी, ना कस. कोष पोचटच होणार. मागच्या बॅचला हेच झालं. उन्हाळ्यात सगळं पाणी कांद्याला गेलं."

पाणी नानांनीच वळवलं होतं. खरं कारण शोधलं असतं तर दोष त्यांना लागला असता, म्हणून तो माझ्या हाताला लावला. नानांनी पालथ्या पाटीतलं एक पिवळं पान उचलून चोळून पाहिलं. महाराज मात्र "दिशा बिघडली, दिशा बिघडली" करत चपला शोधत होते.

"तू कुठं जाणार नाय," नाना शेवटी पुटपुटले. "राखी तुझ्यापाशीच ऱ्हाईल."

मी श्वास सोडला, तोच सासूबाई म्हणाल्या, "हा भोंदू निघाला. सटाण्याकडं एक खरा हाय म्हणत्यात, त्याला इचारू."

मला रडूच कोसळलं. "अहो आत्याबाई, तोही डोळे मिटून माझंच नाव घेईल! मी जन्मभर परीक्षाच देत बसू का?"

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरी पीक बुडेल, जनावर दगावेल, पोर आजारी पडेल. तेव्हा जाणत्याला विचारा, पान चोळून बघा, पाणी कुठं गेलं ते बघा. कुणा माणसाचं नाव घेऊ नका. बुवा दक्षिणा घेऊन निघून जातो, आणि जिचं नाव घेतलं ती त्याच घरात, त्याच माणसांना भाकरी वाढत राहते.