हिराबाईचं डोळ्यांचं औषध

मित्रांनो, मी एक जुनी, डोळ्यांत थेंब घालायची बाटली आहे. दिसायला तुमच्या करंगळीएवढी, पण मी जेवढी धास्ती खाल्ली तेवढी तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूने खाल्ली नसेल.

माझा जन्म एका चकचकीत कारखान्यात झाला. तिथून मी डोळ्यांच्या शिबिरात आले आणि खर्डीजवळच्या पाड्यावरच्या हिराबाईच्या वाट्याला आले. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याची सूज उतरवायची, हे माझं काम. ते मी चोख केलं. हिराबाईला मांडवावरची काकडी दिसू लागली आणि पाड्यात माझं कौतुक झालं.

तिथेच सगळं बिघडलं. ठरलेले दिवस संपले की बाटली टाकून द्यायची होती. पण औषध टाकणं हिराबाईच्या जिवावर आलं. तिने मला चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. कुणाचाही डोळा दुखला की शेजारी मला मागून नेत. डोळे आलेल्या शेजारच्या दामूच्या पापणीला माझं टोक लागलं, ते कुणी पुसलंही नाही. मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

मग राब भाजायचे दिवस आले. शेतात पालापाचोळा नि शेण पसरून पेटवायचं, वरून ऊन आणि खालून धग. हिराबाईची सून प्रमिला दिवस दिवस त्या धुरात उभी असे. तिचे डोळे कोरडे पडले, लाल झाले, पापणीखाली रेती असल्यासारखे खुपू लागले.

"ये गो प्रमिला, थेंब टाकते," हिराबाई मायेने म्हणाली. "माझा डोळा बरा झाला, तुझा नाय होनार?"

अहो, कोरड्या डोळ्याला ओलावा देणारे थेंब वेगळे असतात! पण मी ओरडणार कशी? थेंब पडला. दोन-चार दिवसांत लाली उतरली आणि प्रमिलाचा माझ्यावर विश्वास बसला. रोज सकाळ-संध्याकाळ मला उलटं धरलं जाई. मी थेंब धरून ठेवायची धडपड करी, तो पडेच.

एका संध्याकाळी प्रमिला घाबरून म्हणाली, "आई, बल्बभोवती रंगीत कडी दिसतात. तुमचं तोंडपन धूसर दिसतं."

हिराबाईचा चेहरा उतरला. ही पोर आंधळी झाली तर? मी कोनाड्यात नुसती थिजून बसले.

दुसऱ्या दिवशी दोघी शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. असंच औषध नवं मिळावं म्हणून हिराबाईने मला पदराच्या गाठीत बांधून नेलं. बाईंनी प्रमिलाचा डोळा तपासला, मग मला हातात घेऊन वाचलं.

"हे हिला कोणी दिलं?"

"मीच टाकलं ओ. चांगलं औषध हाय ते."

"तुमच्यासाठी चांगलं. हिच्या डोळ्यातला दाब या औषधाने वाढलाय. असंच चालू ठेवलं असतं तर नजर गेली असती, आणि गेलेली नजर आम्हाला परत आणता येत नाही." हिराबाईने प्रमिलाचा हात घट्ट धरला. बाईंचा आवाज मऊ झाला. "दाबाचं औषध देते. कोरडेपणाला हे थेंब वेगळे. टोक डोळ्याला लावायचं नाही, एकीची बाटली दुसरीने वापरायची नाही. आणि तपासायला यायचंच."

निघताना हिराबाईचा हात सवयीने माझ्याकडे आला. "थोडं उरलंय. पाड्यात कुनाला लागलं तर..."

माझा जीव उडाला. पण प्रमिलाने मला आधी उचललं.

"आता कुनाचा डोळा, आई?" एवढंच ती म्हणाली आणि तिने मला बेसिनमध्ये उलटं करून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगते, मला जपू नका. ज्याचं औषध त्यालाच द्या, आणि दिवस भरले की मला टाकून द्या. प्रमिलाची पुढची तपासणी अजून व्हायची आहे. मी इथे दवाखान्यातल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी पडले आहे, तरी तिच्या डोळ्यांची धास्ती काही जात नाही.