निलमच्या वहीतले बारा तास

मित्रांनो, माझे वय अवघे चौदा महिने. तरी मी आता एक थकलेली, जुनी पट्टी आहे. आकाराने आगपेटीच्या निम्मी. हिंगोलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत पडून असते.

माझा जन्म घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात झाला. निकेलची भोकाभोकांची जाळी ही माझी हाडे. तिथे पीएचडी करणाऱ्या निलमने निकेल आणि कोबाल्टचे क्षार पाण्यात विरघळवले, शेतात टाकतात तसा युरिया त्यात घातला, जाळी बुडवली आणि डबा ओव्हनमध्ये ठेवला. उष्णतेने माझ्या अंगावर हायड्रॉक्साइडचे थर चढले, चपातीला पापुद्रे सुटावेत तसे. त्या थरांमधल्या फटींत वीज साठवायची, हेच माझे काम. अशा पट्ट्यांपासून बॅटरीसारखे जे सुपरकपॅसिटर बनतात, ते बघता बघता चार्ज होतात.

त्या सकाळी निलमला पुसेगावजवळच्या तांड्यावर घरी जायचे होते. एसटी चुकू नये म्हणून तिने डबा ठेवतानाच वहीत लिहून टाकले, 'एकशे वीस अंश, बारा तास.' अजून बारा मिनिटेही झाली नव्हती. दुपारी लाईट गेली. मी निवत गेले. लाईट आली तरी तो ओव्हन आपोआप सुरू होत नाही. बऱ्याच वेळाने कोणीतरी बटण दाबले आणि मी पुन्हा तापले.

तपासणीत मी आधीच्या पट्ट्यांपेक्षा दुप्पट वीज साठवली. निलमच्या मार्गदर्शक रेवती मॅडम कौतुक करण्यात भारी कंजूष, पण त्याही हसल्या. माझी मापे शोधनिबंधात छापली गेली. तिकडे तांड्यावर निलमचे वडील हरिचंद भेटेल त्याला सांगू लागले, "आमच्या पोरीनं लाईट साठवायची पट्टी केली." मला फार अभिमान वाटला. तो मला महागात पडणार होता.

निलमने वहीत पाहून, बरोबर बारा तास ठेवून, आणखी सहा पट्ट्या केल्या. एकही माझ्या जवळपास आली नाही. मग तिने मलाच पुन्हा पुन्हा तपासायला घेतले. हजारो वेळा भरले, रिकामे केले. माझे थर फुगले, भेगाळले, भुकटी होऊन गळू लागले. आता मीही तिच्या बाजूने साक्ष देऊ शकत नव्हते.

एके दिवशी मॅडमनी वही टेबलावर ठेवली. "निलम, खरं सांग. हे आकडे मशीनने दिले, की तू?"

"मशीननंच दिले, मॅडम."

"मग सहा पट्ट्यांत एकदाही का आले नाहीत? निबंध मागे घ्यावा लागेल. तुझ्या पीएचडीचं काय होईल, मला सांगता येत नाही."

 मला ओरडावेसे वाटले. पण पट्टीला तोंड कुठले?

कोपऱ्यात प्रयोगशाळेचे शिपाई नेमसिंगकाका काचेची भांडी पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"मॅडम, ती पट्टी ओव्हनमधी होती त्या रोजी लाईट गेल्ती. मी जेवून आलो तर ओव्हन बंद. मीच फिरून चालू केला. मागच्या बारीला ओव्हनला हात लावल्यावर लई बोलणी खाल्ली होती, म्हणून सांगितलं न्हाई."

"किती वेळ बंद होता?"

"ते मला बी ठाऊक न्हाई."

मॅडम निलमकडे वळल्या. "आणि तू बारा तास कशावरून लिहिलेस?"

निलमच्या डोळ्यांत पाणी आले. "आधीच लिहून गेले होते, मॅडम. काकांची चूक न्हाई, माझीच हाये."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "निबंध मागेच घ्यावा लागेल. पुन्हा सुरुवात कर. या वेळी ओव्हनजवळ बसून."

मित्रांनो, वही जरूर लिहा, पण घडल्यावर लिहा. आणि चूक दिसली तर नेमसिंगकाकांसारखा उशीर करू नका. तेवढ्या वेळात एखाद्याची वर्षे वाया जातात.

निलम आता रोज नव्या पट्ट्या करते, कधी एक तास ओव्हन बंद ठेवून, कधी तीन. माझ्यासारखी अजून जमलेली नाही. मी झिजले आहे, पण तिने मला फेकले नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीतले 'बारा तास' तिने खोडले आहेत. खाली लिहिले आहे, 'मध्ये लाईट गेली होती. किती वेळ, माहीत नाही.'