गजराकाकूंचा गोठा

"काकू, काय करून ठेवलंत हे!" मी दारातच कपाळाला हात लावला.

गजराकाकूंनी अख्खा गोठा सारवला होता. उंबऱ्यापुढं रांगोळी, गव्हाणीत मांडलेली भांडी घासून लखलखीत. घरकुलाच्या पाहणीला आज तुळजापूरहून साहेब येणार होते. आहे तसंच दिसू द्या, म्हणून मी शेजारीण चार दिवस घसा कोरडा करत होते.

"सरकारी माणूस येतोय, लीला. उकिरड्यात बसवू व्हय त्येला?"

गोठा त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, बाभळीचे खांब, वर पांढऱ्या मातीचं माळवद. खिडकी नाही, उजेडाला माळवदात एक भोक, बस्स. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा इथं सहा बैल होते. बैल विकले, कडबा आला. मग सोयाबीनची पोती, मग ठिबकच्या फुटक्या नळ्या. काका वारल्यावर पुतण्यानं, बालाजीनं, पुढं स्लॅबचं घर बांधलं. त्यात चुलतीला जागा निघाली नाही. अकरा वर्षं झाली, त्या इथंच आहेत. पावसात अर्धी खाट भिजते, म्हणून अर्ध्या खाटेवर झोपतात. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

साहेब आले. सगळी गल्ली गोळा झाली.

"आजी, इथंच राहता ना? दारात उभ्या राहा, फोटो घेतो."

काकूंनी बालाजीकडं पाहिलं. चारचौघांत त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी पदर सावरला.

"इथं कशाला राहीन, साहेब? ह्यो गोठा हाय. म्या पोरापाशी राहते, त्या सलॅपच्या घरात. लई जपतो मला."

"साहेब, खोटं बोलतायत त्या!" मी ओरडले.

"लीले, गप! आमच्या घरातलं तुला काय म्हायती?"

साहेबांनी बालाजीला विचारलं. त्यानं नुसती 'हो' म्हणून मान हलवली. झालं! काकूंचं नाव यादीतून गेलं.

दुपारी मी जाऊन भांडले. हक्काचं घर असं कुणी घालवतं का?

"त्येला समद्यांपुढं मान खाली घालाया लावू?" काकू म्हणाल्या. "मला लेकरू न्हाय, लीला. उद्या माती त्योच देणार."

मला वेडीला वाटलं, आता तरी बालाजीला लाज वाटेल, तो काकूंना घरात नेईल. वाटली की लाज! आठ दिवस स्वतः चहा आणून दिला. नवव्या दिवशी दोन म्हशी आणल्या.

"गोठा हाय म्हणून तुमीच म्हणलाव की, काकू," तो म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही मेल्यानं.

परवा सकाळी मी भाकरी घेऊन गेले. काकूंची खाट कोपऱ्यात भिंतीला टेकली होती आणि थोरली म्हैस खाटेला अंग घासत आडवी उभी होती. काकू पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि परक्याच्या घरात बोलावं तशा हळूच म्हणाल्या,

"सरक बाई जराशी. मला उतरू दे."