पाव मोटरीचा हिशोब

अजित साळवेला ऑफिसात मोटरींचा डॉक्टर म्हणत, आणि तोही मान डोलवून ऐकून घेई. आपलं डोकं मोठं, हे त्याचं स्वतःचं मत. म्हणून तर आईच्या व्हीलचेअरला मोटर विकत आणायची सोडून हा गडी स्वतःच बनवायला बसला.

परळची त्यांची चाळ पडून टॉवर झाला, बुद्धविहार पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर गेला आणि मध्ये एक चढ आला. गुडघे गेल्यापासून त्याच्या आईला, मीराबाईंना, शेजारीपाजारी खुर्चीसकट उचलून वर नेत. "मेलेल्याला उचलतात, मी अजून आहे," म्हणत त्यांनी रविवारची वंदनाच सोडली. ते अजितच्या जिवाला लागलं होतं.

मोटर झाली, खुर्चीला बसली. पण भर चढावर मागे घसरली तर? म्हणून आधी कॉम्प्युटरवर तपासणी. तिथे मोटरीचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, एकेका तुकड्यात चुंबकाचा जोर किती ते काढायचं आणि त्यावरून टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद. ती भरली कमी. याने चुंबकं जाड केली. तरी कमी. आणखी जाड केली, तरी जराशी कमीच. शेवटी या शहाण्याने दोष कुठे काढला, तर आईच्या वजनात! भात बंद केला, वर दुधीचा रस. भाताशिवाय जिचं पान हलत नसे, ती बाई मुकाट्याने दुधी प्यायला लागली. खुर्ची चादरीखाली पडून राहिली.

एकदा डबा खाताना त्याने ऑफिसातल्या मनालीला आकडे दाखवले, थोड्या कौतुकाच्याच आशेने. तिने घास न थांबवता विचारलं, "पावच मोटर घेतलीयस ना रे? मग चारने गुणलंस कुठे?"

अजितने डबा बाजूला सारला. मोटर चारी बाजूंनी सारखी, म्हणून वेळ वाचवायला पाव भागच कॉम्प्युटरला द्यायचा आणि शेवटी उत्तर चौपट करायचं. नव्या पोरांना हे तोच शिकवायचा, तेही खडसावून. आणि स्वतः मात्र पाव मोटरीवर अख्खी आई तोलून बसला होता.

घरी येऊन त्याने सगळं सांगून टाकलं. रविवारी मीराबाई पांढरी साडी नेसल्या आणि खुर्चीत बसल्या. चढावर अजित मागे हात पसरून, जीव मुठीत धरून. कसलं काय! खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही, थेट विहाराच्या दारात जाऊन थांबली. अजितला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

वंदना करून मीराबाई बाहेर आल्या. त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "घरी जा आणि भात टाक."

तो लगबगीने वळला.

"आणि चारने गुणून टाक."