ओढ्यापलीकडे सोडलेले उंदीर

मित्रांनो, मी एक जुना उंदराचा पिंजरा आहे. साधासुधा नव्हे, नगरपालिकेच्या आरोग्य समितीचा. गावाचं नाव सांगत नाही. ते विट्याहून फार लांब नाही, आणि समितीच्या सदस्यांचे नातू आता मोठमोठ्या जागांवर बसले आहेत.

माझा जन्म सांगलीत, एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्यानं तारा कापल्या, वाकवल्या, भाकरी अडकवायला आत आकडा लावला आणि स्प्रिंगचं दार बसवलं. ते दार आतून उघडत नाही. लोकांना वाटतं, यात अडकतो तो उंदीर. उंदीर काय, येतो आणि जातो. पिंजरा मात्र जन्मभर पिंजऱ्यातच असतो.

चौसष्ट साली गावात उंदीर फार माजले. प्लेग पाहिलेली म्हातारी माणसं हबकली. तेव्हा समितीनं आम्हा पिंजऱ्यांची खरेदी केली. अध्यक्ष आप्पासो यांनी आम्हाला हार घातले, नारळ फोडला आणि भाषण केलं. ठराव असा होता की उंदीर सापडला की पिंजऱ्यासकट कचेरीत आणायचा आणि अंगणातल्या पिंपात बुडवायचा. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला पिंजरे मिळाले नाहीत. त्यांनी अर्ज केला होता. तो उशिरा आला असं ठरलं.

मी खुद्द आप्पासोंच्या घरी गेलो. पहिल्याच दिवशी एक गलेलठ्ठ उंदीर माझ्यात सापडला. कचेरीचा शिपाई धोंडिराम न्यायला आला, तेव्हा आप्पासोंच्या पत्नी लक्ष्मीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"गणपतीचं वाहन बुडवतोस व्हय रं? माझ्या घरातनं नेऊन?"

"मालकांचा ठराव हाय, वैनी."

"मालकांचा ठराव कचेरीत. हितं माझा. लांब नेऊन सोड जा."

धोंडिराम निघताना त्यांनी उंदराला हळदकुंकू लावलं. तारांतून बोट घालून कपाळ साधणं सोपं नसतं, म्हणून बरंचसं पाठीवर सांडलं. ही रीत गल्लोगल्ली पसरली. धोंडिराम रोज सकाळी पिंजरे घेऊन ओढा ओलांडायचा आणि पलीकडं दारं उघडायचा. गावातले उंदीर खरोखर कमी झाले. जिल्ह्याहून शाबासकी आली. पिंपात एकही उंदीर पडला नाही. त्या पाण्यावर कचेरीतले गुलाब तेवढे छान फुलले.

मला सगळं दिसत होतं. पण माझ्याकडं तोंड म्हणजे एक दार, आणि तेही दुसऱ्यानं उघडायचं.

ओढ्याच्या काठालाच शालूबाईचं घर होतं. नवरा कारखान्यावर, घरात ती आणि तिची तान्ही पोर रमा. एका सकाळी धोंडिराम माझं दार उघडत असताना ती पोरीला कडेवर घेऊन आली. पोरीच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"धोंडिरामदादा, काय सोडताय?"

"काय न्हाई गं. गणपतीचं वाहन."

"मग देवळात सोडा की. हितं माझ्या पोरीचा अंगठा कुरतडलाय त्यानं. ताप उतरंना. डागदर म्हणतोय, परत चावलं तर माझ्या हातात काय न्हाई. रात रात मांडीवर घेऊन बसती मी."

उंदीर तेवढ्यात पसार झाला.

"पिंजरा हितंच ठेवा," ती म्हणाली.

"आगं, नगरपालिकेचा माल हाय त्यो."

"आन् ही कुणाचा माल हाय?"

धोंडिराम मला तिथंच विसरून गेला. विसरायला त्याला बराच वेळ लागला. दोनदा मागं वळून त्यानं मला नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली होती. शालूबाई आत आली, एका हातात रमा, दुसऱ्या हातात मी, माझ्यात उंदीर. तिनं मला थेट टेबलावर ठेवलं. सदस्यांनी पाय खुर्चीवर घेतले.

"काय गं शाले, हे काय?" आप्पासो गरजले. "ओढ्यापलीकडचा उंदीर हितं कशाला आणला?"

"पलीकडचा? आवं आप्पासो, जरा वाकून बघा. आमी छपन्न सालापास्नं देवपूजा सोडलीया. मग ह्याला हळदकुंकू कुणी लावलं?"

आप्पासो वाकले. उंदराच्या पाठीवर पिवळा-तांबडा सडा होता. त्यांच्या घरचं कुंकू जरा गडद असायचं.

शालूबाईनं माझ्या दारावर हात ठेवला. "तुमचं तुमाला आणून दिलंय. सांगा, कुठं सोडू?"

"थांब! दार उघडू नगं!" सगळे एकदम ओरडले.

"मग कुठं?"

मित्रांनो, सबंध गावाचे उंदीर कुठं सोडायचे हे ज्यांना कधी कोडं वाटलं नव्हतं, त्यांना हा एक उंदीर सोडायला जागा सुचेना. शेवटी आप्पासो उठले. धोंडिरामला हाक न मारता त्यांनी मला स्वतः उचललं आणि अंगणातल्या पिंपाकडं नेलं. मागून सारी समिती निघाली, खांदेकऱ्यांसारखी, मुकाट. पाणी फार गार होतं. उंदीर पुष्कळ धडपडला. त्याच्याबरोबर मीही बुडालो. माझं दार तेव्हाही बंदच होतं.

त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या घरांनाही पिंजरे मिळाले. मी शालूबाईकडंच राहिलो. रमाचा ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. आता मला गंज चढला आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे.

तुम्ही खुशाल उंदीर पकडा, केर काढा, घर लख्ख ठेवा. फक्त पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी समोर बघा. तिथं कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.