खोडलेली ओळ

आमच्या हामामात्सुच्या कारखान्यात कंपनीचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, पहिल्या गुरुवारी. निशिवाकी डॉक्टर बिचारे काचेच्या खोलीत गार चहा पुढ्यात घेऊन बसायचे आणि तिकडे कुणी फिरकायचं नाही. फिरकणार कसं? आत गेलेला माणूस सगळ्या ऑफिसला दिसतो.

मानसिक ताणाचे फॉर्म गोळा करायचं काम माझं. बावीस वर्षं करतेय. शेवटच्या चौकटीत विचारलेलं असतं, डॉक्टरांना काही सांगायचंय का? तिथे सगळ्यांनी 'विशेष काही नाही' लिहावं, हा माझा शिरस्ता. कुणाची चौकट भरलेली दिसली की मी वाचायचेसुद्धा नाही, फॉर्म हळूच परत करायचे. "खोडा हो. बढतीच्या वेळी नडेल." मला वाटायचं, मी माणसं वाचवतेय.

या गुरुवारी फॉर्म हाती पडताच डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"त्सुगेबाई, एक्केचाळीस माणसं आणि एकालाही काही होत नाही? कंपनी आहे की स्वर्ग?"

"आमची माणसं काटक आहेत," मी हसून म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी एक फॉर्म खिडकीच्या काचेला लावला. पेन्सिल खोडली होती, पण दाबून लिहिलेलं कागदावर उमटलं होतं. 'विशेष काही नाही'च्या खाली मी वाचलं, 'सकाळी फलाटावर गाडी आली की पाय आपोआप पुढे जातात. कुणाशी तरी बोलायचंय.'

फॉर्म माझ्या समोरच्या टेबलावरच्या माकाबेचा होता. तीन आठवड्यांपूर्वी खोडरबर मीच त्याच्या हातात दिलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तो त्याच फलाटावर उभा राहत होता, आणि रोज मी त्याला "आलात का वेळेवर!" म्हणून चिडवत होते. कसली मी शहाणी!

"आत्ता बोलवा त्याला," डॉक्टर म्हणाले. "इथे नको, मागच्या जिन्याने वरच्या कोठीत. आणि त्याच्यानंतर सगळेच येतील, एकेक करून. मग कुणी कुणाकडे बोट दाखवणार नाही."

मी त्याच्या टेबलापाशी जाऊन निरोप सांगताच माकाबे लगेच उठला. कोटाचं बटण लावलं आणि हळूच विचारलं, "त्सुगेबाई, 'विशेष काही नाही' असंच सांगायचं ना?"



"नाही हो," मी म्हटलं. "मी जे खोडायला लावलं ना, तेच सांगा. सगळं सांगा."

तो जिन्याकडे निघाला आणि पुन्हा मागे वळला. मग म्हणाला, "चालेल तसं सांगितलेलं?"